शाश्वत लाकूडतोड : करवत धरणाऱ्या हातांपर्यंत ती पोचते का?

रानजाई

मंडळी, गेली सहा वर्षं मी लाकूडतोड करणाऱ्या कामगारांचे आणि जंगलाला लागून राहणाऱ्या लोकांचे प्रशिक्षणवर्ग घेते. मागच्या महिन्यातला अनुभव डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

तीन दिवसांचा वर्ग होता. खुंट बुटका का ठेवायचा, झाड कुठल्या बाजूला पाडायचं, ओढ्याकाठची झाडं का सोडायची, बी धरणारी झाडं कशी राखायची, सगळं झालं. शेवटी प्रश्न विचारले तर उत्तरं धडाधड आली. आठ दिवसांनी तोडीच्या जागेवर गेले, तर खुंट माझ्या कमरेला लागत होते. एका खुंटाशेजारी दोन कोवळी झाडं पडत्या झाडाखाली सापडून मोडली होती, त्यातल्या एकाची सोललेली साल अजून ओली होती. तिथे करवत चालवणारा माणूस तोच, ज्याने वर्गात सगळ्यांत चांगली उत्तरं दिली होती. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "ताई, ठाऊक आहे मला."

त्याला ठाऊक आहे, तर मग मी काय शिकवतेय? आणि ज्याला आपण 'जागृती' म्हणतो ती नेमकी कुठे अडते? तुमचे अनुभव हवे आहेत. कामगार, वनाधिकारी, लाकूड विकत घेणारे, कोणीही लिहा.

पळसपान

माझं सरळ मत : जंगलातली तोड बंदच करावी. शाश्वत वगैरे शब्द लावून तोडलं तरी झाड तुटतंच.

कूप_नंबर_७

पळसपान, भावना पोचली. पण घराच्या दारापासून वहीच्या कागदापर्यंत लाकूड लागणार आहे, आणि ते नसेल तर त्या जागी सिमेंट, लोखंड आणि प्लास्टिक येतं. दुसरं म्हणजे सगळ्या जातींना दाट सावली मानवत नाही. साग घ्या किंवा अमेरिकेतली महोगनी, दोघांच्याही रोपांना भरपूर उजेड लागतो. वर छत मिटलेलं असेल तर बी रुजूनही रोप तग धरत नाही. तोड किती, कुठे, कधी आणि कशी, हा प्रश्न आहे.

मी आयुष्य वनखात्यात काढलं, म्हणून थोडा इतिहास. युरोपात शाश्वत तोडीच्या विचाराची पहिली नीट मांडणी केली ती १७१३ साली हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी. ते जर्मनीतल्या सॅक्सनीतले खाण अधिकारी. चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा त्यांनी लिहिलं की जेवढं वाढतं तेवढंच तोडा. आपल्याकडे हे शास्त्र आलं डीट्रिख ब्रँडिस यांच्याबरोबर. आधी ब्रह्मदेशातली सागाची जंगलं आणि मग १८६४ पासून हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक. झाडं मोजायची, ठरावीक घेरापुढचीच निवडायची, आणि किती वर्षांनी पुन्हा त्याच कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, यायचं हे ठरवायचं, हे सगळं तेव्हापासूनचं. आजही कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे कुठे, किती आणि कधी तोडायचं याच्या मंजूर आराखड्याशिवाय, तोड करता येत नाही, १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तर नाहीच.

आडवाट

काका, माहिती छान. एकच विचारते. ती कार्य आयोजना तोडणाऱ्या कामगाराला कधी वाचून दाखवली होती का?

कूप_नंबर_७

आडवाटताई, नाही. एकदाही नाही. तोडीसाठी निवडून ठसा मारलेली झाडं दाखवायचो आणि 'एवढीच पाडा' सांगायचो. ठसा याच झाडावर का आणि शेजारच्यावर का नाही, हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. तेव्हा सुचलं नाही, याची आज खंत वाटते.

करवत_आणि_पाचर

मी तीस वर्षं झाडं पाडतोय. रानजाईताई, त्या माणसाच्या जागी मी असतो तरी कमरेएवढाच खुंट ठेवला असता. का ते सांगतो.

बुंध्याच्या तळाला पावसाने उडालेली माती सालीत बसलेली असते. तिथे करवतीची साखळी लावली की दात बोथट होतात. बोथट साखळीतून भुश्शाऐवजी पीठ पडायला लागतं, करवत आत ओढायच्या ऐवजी आपल्यालाच ती दाबावी लागते. मग बसा कानस घेऊन. एकेक दात घासायचा, पंधरा-वीस मिनिटं गेली. कानस आपली, साखळी आपली, वेळही आपला. वर सहा-सात किलोची करवत धरून वाकायचं. दिवसातून चाळीस वेळा वाकून बघा, संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. आणि मजुरी उक्ती, जेवढं लाकूड निघालं तेवढीच. वाकलं तर झाडं कमी पडतात, पैसे कमी होतात.

वर्गात सांगतात ते चूक नाही. ते करायला जो वेळ लागतो, तो कोणी देत नाही.

त्रैराशिक

एक शंका. मजुरी निघालेल्या लाकडावर असेल तर बुटक्या खुंटाने कामगाराचाच फायदा व्हायला हवा ना? ५० सेंटीमीटर व्यासाचं झाड ६० सेंटीमीटर खाली कापलं तर साधारण ०.१२ घनमीटर लाकूड जास्त मिळतं. नऊ झाडांमागे एक घनमीटर! शिवाय ते झाडाचं सगळ्यांत जाड, बिनफांद्यांचं लाकूड.

करवत_आणि_पाचर

त्रैराशिक, हिशोब बरोबर, मोजणी वेगळी. आमच्याकडे ओंडक्याचा घेर मध्यावर मोजतात. तळाचा फुगवटा त्या मापात येतच नाही. तुमच्या ०.१२ मधलं माझ्या नावावर फार तर निम्मं पडतं, आणि तेवढ्या वेळात मी दुसरं झाड अर्धं कापलेलं असतं.

त्रैराशिक

हे मला कागदावर कधीच दिसलं नसतं. धन्यवाद दादा.

ओंडका

आमची आरागिरणी आहे, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो. उंच खुंटाचं नुकसान आम्हाला दिसत नाही, कारण ते लाकूड जंगलातच राहतं. आम्हाला दिसतं ते वाईट पाडणीचं नुकसान. खाच नीट न घेता मागून कापत गेलं की झाड पडताना बुंधा उभा चिरतो. बाहेरून ओंडका धडधाकट, आणि आऱ्यावर चढवला की चीर तीन-चार फूट आत गेलेली. असा ओंडका जळणाच्या भावात जातो. कापणाऱ्याच्या अंगावर ते खोड उसळलं तर काय होतं ते मी लिहीत नाही.

करवत_आणि_पाचर

ओंडकाभाऊ बोलले ते खरं आहे. नवीन मुलांसाठी लिहून ठेवतो. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच, खोली व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी. मग मागून काप, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर. आणि मध्ये न कापलेली पट्टी ठेवायचीच, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी. ती दाराच्या बिजागरीसारखी काम करते, झाड तिच्यावर वळत वळत खाली येतं. ती कापून टाकली की झाड कुठेही जातं. करवत सुरू करायच्या आधी मागे तिरकी पळवाट साफ करायची. आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको.

कोवळी झाडं वाचतात ती या बिजागरीमुळेच. हवं तिथे झाड पाडता आलं तर मोकळ्या जागेत पाडता येतं.

बांबूवन

थोडं विषयाच्या कडेने, पण बांबूत हेच सगळं लहान आकारात दिसतं. बेटात यंदाचा बांबू ओळखायला पुस्तक लागत नाही. त्याच्या पेरांवर अजून खवले चिकटलेले असतात, अंगावर पांढरी भुकटी असते, बोट फिरवलं की निघते. तीन वर्षांचा झाला की भुकटी गेलेली, रंग मळलेला, शेवाळाचे डाग, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर आवाज टणक. तोच तोडायचा. कोवळा ठेवायचा, कारण पुढच्या पावसात येणाऱ्या कोंबाला तोच पोसतो आणि वाऱ्यात आधारही देतो. कोंब फुटायच्या दिवसांत बेटाला हात लावायचा नाही.

आता खोच बघा. पक्का बांबू बेटाच्या मध्यात असतो आणि कोवळा बाहेरच्या कडेला, कारण बेट बाहेर बाहेर वाढतं. घाईतला माणूस कडेचेच तोडतो, हाताला सहज येतात ना! म्हणून जाणती माणसं बेटाला एका बाजूने वाट पाडून आत शिरतात, घोड्याच्या नालासारखा आकार होतो. माझ्या आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं. पण नगावर मजुरी सुरू झाली तेव्हा तीही कडेचे तोडायला लागली, हे मी स्वतः पाहिलंय.

आडवाट

बांबूवन, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

मोजणीदार

धागा लाकडाचा आहे, बांबू म्हणजे गवत. :)

बांबूवन

गवत खरंच. :) पण कायद्यातही हा फरक फार मोलाचा ठरलाय. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंत, आला, इमारती लाकूड आलं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूचे वाहतूक परवाने आले. तेव्हापासून किती तोडायचं, कुठलं बेट राखायचं हे सभेत बसून ठरवता येतं. उद्याचा कोंब आपलाच आहे ही खात्री असली की माणूस कडेचा बांबू सोडतो.

पळसपान

हे गावाला दिलं की आपोआप जंगल वाचतं, असं मला वाटत नाही. लोकांनाही पैसा हवा असतो.

सुकाणू

पळसपान, आपोआप नाहीच. पण उदाहरणं भक्कम आहेत. ग्वाटेमालात पेतेन भागात १९९० मध्ये माया राखीव क्षेत्र झालं आणि त्या दशकात त्यातले काही तुकडे स्थानिक लोकांना तोडीसाठी कराराने दिले. अट अशी की जंगल नीट राखत असल्याचं प्रमाणपत्र मिळवायचं आणि टिकवायचं. वर्षाला एक छोटा तुकडा, त्यातली मोजकी महोगनी, बाकी उत्पन्न पाम झाडांच्या पानांतून वगैरे. जुन्या, वस्ती असलेल्या तुकड्यांत जंगल चांगलं टिकलं, आणि आसपासच्या काही निव्वळ संरक्षित भागांत मात्र वणवे आणि गुरांच्या कुरणांनी ते खाल्लं. नेपाळमध्ये १९९३ च्या कायद्यानंतर गावोगावच्या उपभोक्ता गटांकडे जंगलं गेली, तिथल्या उघड्या डोंगरांवर पुन्हा झाडं आली.

आणि सगळ्यांत जुनं उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मेनॉमिनी या मूलनिवासी लोकांचं. १८५४ पासून ते त्याच जंगलात तोड करताहेत. तेव्हा उभं होतं त्याहून जास्त लाकूड आजवर काढून झालंय, आणि आज जंगलात उभं असलेलं लाकूड त्या वेळेपेक्षा जास्त आहे.

पळसपान

मेनॉमिनींबद्दल वाचलं आत्ता. हे मला माहीत नव्हतं. 'बंदच करावी' हा शब्द मागे घेते, 'जपून' म्हणते.

सुतारपक्षी

सगळे खुंटावर बोलताहेत, मी पोकळ झाडांवर बोलतो. कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर ठोकलं की कामगाराला कळतं आत पोकळ आहे. लाकूड म्हणून त्याची किंमत शून्य, तरी 'वाटेत येतं' म्हणून पाडतात. धनेश, सुतार, घुबडं, उडत्या खारी, सगळ्यांची घरं त्यात. धनेशाची मादी तर ढोलीचं तोंड आतून लिंपून स्वतःला कोंडून घेते. त्या दिवसांत झाड पाडलं तर आई आणि पिल्लं दोन्ही गेली. माझा अनुभव असा की हे एकदा दाखवलं, लिंपलेली फट आणि खाली पडलेल्या बिया, की नंतर कामगार स्वतःहून 'हे झाड राहू द्या' म्हणतात. इथे तरी माहितीने फरक पडलेला मी पाहिलाय.

करवत_आणि_पाचर

यात तोटा नसतो ना दादा. पोकळ झाड सोडलं तर आमचा वेळ वाचतो.

सुतारपक्षी

हो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे मी सोपं तेवढंच शिकवत होतो.

वेलबुट्टी

वेलींचंही लिहा कोणीतरी. घनदाट पावसाळी जंगलात वेली एका शेंड्यावरून दुसऱ्यावर गेलेल्या असतात. एक झाड पडताना दोरीने ओढल्यासारखं शेजारच्या दोन-तीन झाडांना घेऊन येतं. म्हणून तोडीच्या सहा महिने ते वर्षभर आधी वेली कापून ठेवतात, वाळल्या की सुटतात. पण कापायच्या त्या फक्त पाडायच्या झाडांवरच्या. सरसकट कापल्या तर माकडांचं आणि पाखरांचं खाणं गेलं.

नदीकाठची

ओंडके ओढायच्या वाटांबद्दलही. झाड पाडण्याने जेवढं जंगल मोडतं, तेवढंच ओढताना मोडतं. आखणी नसेल तर ट्रॅक्टरवाला प्रत्येक ओंडक्यामागे नवी वाट पाडतो. माती दबून दगडासारखी होते, पावसात त्याच वाटेने गढूळ पाणी ओढ्यात. आधी झाडांचा नकाशा, मग वाटा, आणि झाड वाटेकडे तिरकं पडेल अशी पाडणी, एवढं केलं तरी उरलेल्या झाडांचं नुकसान जवळपास निम्म्यावर येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या लाकूडतोडीबद्दलच्या १९९६ च्या आदर्श संहितेत हे सगळं आहे. पण ती संहिता ट्रॅक्टरवाल्याच्या भाषेत कोणी सांगत नाही.

आडवाट

माझा मुद्दा मागे पडू नये म्हणून लिहिते. 'जंगलातले लोक' म्हणताना आपण करवत धरलेला पुरुष डोळ्यापुढे आणतो. ज्या झाडाचं लाकूड विकलं जातं, त्याच झाडाचं बी, तेल, डिंक, पानं बायका गोळा करतात. ॲमेझॉनमध्ये अँडिरोबा नावाच्या झाडाच्या बियांचं तेल काढतात आणि त्याचंच लाकूडही जातं. आपल्याकडे साल वृक्षाची पानं, बी, राळ सगळं गोळा होतं. कुठलं झाड दरवर्षी भरभरून बी देतं हे त्या बायकांना झाडागणिक माहीत असतं. बीजवृक्ष निवडायला याहून चांगलं ज्ञान कुठलं? पण ठसा मारायच्या दिवशी त्यांना कोणी बोलावत नाही.

कूप_नंबर_७

अगदी पटलं. शिवाय घेर बघून फक्त मोठी आणि सरळ झाडं काढत गेलं, की मागे वाकडी आणि खुरटीच बी धरायला उरतात. चार फेऱ्यांनंतर जंगल हिरवं दिसतं, पण त्याचा कस गेलेला असतो. चांगल्यातली काही राखायचीच असतात.

अंगणवेडा

अवांतराबद्दल माफी. इथली जाणकार मंडळी बघून विचारतोय. घराजवळच्या मोठ्या झाडाची जाड फांदी काढायची आहे. मागच्या वेळी अर्धी कापल्यावर ती स्वतःच्या वजनाने फाटली आणि बुंध्याची सालही हातभर सोलवटून गेली.

करवत_आणि_पाचर

तीन कापांत काढा. बुंध्यापासून हात-दीड हात लांब, आधी फांदीच्या खालून पाव-तिसरा हिस्सा. मग थोडं बाहेर सरकून वरून पूर्ण. वजन गेलं की उरलेला ठुसा फांदीच्या मुळाशी असलेल्या वळीच्या बाहेर कापा. ती वळी राखा, झाड तिथूनच जखम भरून काढतं. जाड आणि उंच असेल तर स्वतः चढू नका.

अंगणवेडा

दादा, मनापासून आभार. झाडाकडूनही.

ओंडका

प्रमाणपत्रांचा विषय निघालाच आहे तर, एफएससी, म्हणजे जंगल जबाबदारीने राखल्याचा शिक्का देणारी आंतरराष्ट्रीय संस्था, १९९३ पासून आहे आणि तिच्या नियमांत कामगारांचे हक्क व प्रशिक्षण यांचाही समावेश आहे. आमच्याकडे येणारे मोठे ग्राहक शिक्का मागतात, पण आजवर एकानेही विचारलं नाही की तोडणाऱ्याला मजुरी कशी देतात. लाकूड कुठून कुठे गेलं याची कागदावरची साखळी ओंडक्यापासून सुरू होते. ती करवतीपासून सुरू व्हावी असं हा धागा वाचून वाटतंय.

सुकाणू

मजुरीवरून आठवलं. स्वीडनमध्ये १९७५ साली लाकूडतोड कामगारांनी नेमका याच मुद्द्यावर संप केला होता. उक्ती मजुरी नको, महिन्याचा पगार द्या. पगार सुरू झाल्यावर जंगलातले अपघात कमी झाले. माणसं तीच, करवती त्याच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही १९९८ मध्ये जंगलकामाच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र संहिता काढली.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. आणि परवा त्या जागेवर पुन्हा गेले, या वेळी वही न घेता. त्याच्याबरोबर दिवसभर राहिले. त्याने मला एक जुना खुंट दाखवला, सहा वर्षांपूर्वी त्यानेच कापलेला. वीतभर उंच, तिरका, गुळगुळीत, साल कुठेही न फाटलेली. त्यातून फुटवे आले होते, त्यातले दोन आता माझ्या डोक्याच्या वर गेलेत, आणि दोन्ही सरळ. हातभर अंतरावर दुसरा खुंट, कमरेएवढा. त्याचेही फुटवे होते, पण वरून निघालेले, कुजक्या लाकडाला धरून लोंबणारे. एक माझ्या समोर हाताने मोडला. म्हणाला, "हा माझाच. त्या वर्षी उक्तं होतं." पहिला खुंट रोजंदारीच्या वर्षातला.

सहा वर्षं मी चित्रं दाखवत होते आणि हे दोन खुंट तिथे उभे होते.

आता पुढचा वर्ग तिथेच घ्यायचं ठरवलंय. तो शिकवणार, मी शेजारी उभी राहणार. ठेकेदाराशी बोलणं झालंय, पहिल्या कूपात रोजंदारी द्यायला तो तयार आहे आणि साखळी घासायचा वेळ कामातच धरायचा. पूर्ण मोसमासाठी अजून हो म्हणत नाही, पाठपुरावा चालू आहे. आडवाटताईंचा मुद्दा घेऊन ठसा मारायच्या दिवशी बी गोळा करणाऱ्या बायकांनाही बोलावलंय. काका, त्या दिवशी तुम्ही येऊन प्रत्येक झाडापाशी ती पाच मिनिटं द्याल का?

कूप_नंबर_७

येतो. तारीख कळवा. गुडघे दुखतात, पण येतो.

करवत_आणि_पाचर

ताई, जाताना कानसी घेऊन जा, माणशी दोन. गोल कानस, सपाट नको. आणि लोखंडी ब्रश एक, बुंध्याची माती झाडायला. आधी माती झाडली की तळाशी कापतानाही साखळी टिकते.

रानजाई

ब्रशचं कुठल्याच पुस्तिकेत नाही! कानस किती जाडीची?

करवत_आणि_पाचर

साखळी बघून. ३/८ इंची साखळी असेल तर ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर, .३२५ असेल तर ४.८. करवतीच्या पात्यावर आकडा कोरलेला असतो, त्याचा फोटो इथे टाका, मी सांगतो.